‘स्पिन’चे एक चित्र आणि दोन अपुरी उत्तरे

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी भरलेल्या शिक्षकांच्या उजळणी वर्गात आम्हाला क्वांटम सिद्धांताची तोंडओळख करून देण्यासाठी बोलावले होते. आम्ही फळ्यावर एक गोल काढला, त्यातून आरपार जाणारा आस काढला, गोलाभोवती एक वळणदार बाण काढला आणि म्हटले, “पृथ्वी सूर्याभोवती फिरता फिरता स्वतःभोवतीही फिरते. इलेक्ट्रॉनचेही तसेच. त्याच्या या स्वतःभोवती फिरण्याला स्पिन म्हणतात.” सगळ्यांनी चित्र उतरवून घेतले.

चहाच्या सुट्टीत कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या एक बाई आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “सर, हेच चित्र मी दरवर्षी काढते. यंदा एका मुलाने विचारले, इलेक्ट्रॉन केवढा असतो आणि किती वेगाने फिरतो? आम्ही दोघांनी बसून गणित केले. उत्तर प्रकाशाच्या वेगाच्या कितीतरी पट आले. चूक कुठे झाली ते सापडत नाही.”

आम्ही हसून म्हटले, “बाई, तुमचे गणित बरोबर आहे. इलेक्ट्रॉन खरोखर फिरत नाही. स्पिन हे नुसते नाव आहे.”

बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मग लोखंडाच्या चुंबकत्वाचे कारण स्पिन आहे असे त्याच पुस्तकात पुढे लिहिले आहे, ते कसे? नुसत्या नावाने लोखंडाचा चुंबक कसा होईल?”

तेवढ्यात पुढच्या तासाची घंटा झाली आणि आमची सुटका झाली. सुटकाच म्हणायची, कारण दोन मिनिटांच्या अंतराने आम्ही त्या बाईंना दोन उत्तरे दिली होती आणि दोन्ही अपुरी होती. हीच दोन उत्तरे आपली पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके आणि लोकप्रिय विज्ञानलेखही देत असतात. म्हणून त्यांची जरा चिकित्सा करावी, असे आम्ही ठरवले.

भोवऱ्याचे चित्र

हे चित्र कोणा आळशी पाठ्यपुस्तककाराने रचलेले नाही, हे आधी सांगायला हवे. ते संशोधकांचेच आहे. अणूंच्या वर्णपटातील काही रेषा जोडीने का येतात, चुंबकीय क्षेत्रात त्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या तऱ्हेने का फुटतात, हे १९२०च्या सुमारास मोठे कोडे होते. १९२५च्या आरंभी राल्फ क्रोनिग या तरुणाने इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरत असावा अशी कल्पना मांडली. पाउलीला ती मुळीच पटली नाही आणि क्रोनिगने ती प्रसिद्ध केली नाही. त्याच वर्षी हॉलंडमधील लायडन येथे उलेनबेक आणि गौडस्मिट या दोन तरुणांना स्वतंत्रपणे तीच कल्पना सुचली. त्यांचे गुरू एरेनफेस्ट यांनी त्यांचे टिपण प्रसिद्धीसाठी पाठवून दिले. दरम्यान उलेनबेकने वयोवृद्ध लॉरेंट्झ यांचा सल्ला घेतला. लॉरेंट्झ यांनी हिशेब करून दाखवला की असा इलेक्ट्रॉन मानला तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या वेगाहून फार मोठा निघतो. घाबरून टिपण मागे घ्यायला गेलेल्या शिष्यांना कळले की ते केव्हाच रवाना झाले आहे.

म्हणजे अकरावीतल्या त्या मुलाची शंका लॉरेंट्झ यांना १९२५ मध्येच आली होती. हे त्या मुलाला सांगायला हवे होते.

तो हिशेब वर्गात सहज करता येतो. भरीव गोलाचा कोनीय संवेग म्हणजे त्याचे वस्तुमान, त्रिज्या आणि विषुववृत्तावरील वेग यांच्या गुणाकाराचे दोन पंचमांश. इलेक्ट्रॉनच्या स्पिनचे कोणत्याही ठरलेल्या दिशेने मोजलेले मूल्य सुमारे ०.५३ × (१० चा उणे ३४ वा घात) जूल-सेकंद असते. वस्तुमान ९.१ × (१० चा उणे ३१ वा घात) किलोग्रॅम. त्रिज्येसाठी जुन्या विद्युतसिद्धांतातून येणारी २.८ × (१० चा उणे १५ वा घात) मीटर ही संख्या घेऊ. वेग येतो सेकंदाला सुमारे ५ × (१० चा १० वा घात) मीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ १७० पट!

कोणी म्हणेल, त्रिज्या मोठी घ्या म्हणजे वेग कमी होईल. पण मग ती निदान १७० पट मोठी घ्यावी लागेल आणि इलेक्ट्रॉन अणुकेंद्रापेक्षाही कितीतरी मोठा होईल. प्रत्यक्षात आजवरच्या टकरींच्या प्रयोगांत इलेक्ट्रॉनला काही आकारमान असल्याचे आढळलेले नाही. असलेच तर ते १० चा उणे १८ वा घात मीटर याहूनही कमी असले पाहिजे. ही त्रिज्या घेतली तर वेग प्रकाशाच्या सुमारे पाच लाख पट येतो. प्रयोग जितके सूक्ष्म होत गेले तितके भोवऱ्याचे चित्र अधिकच अडचणीत आले.

दोन ठिपके

वेगाची अडचण ही या चित्रातली एकच चूक नाही, आणि आमच्या मते ती सर्वांत मोठीही नाही. मोठी चूक कळण्यासाठी स्टर्न आणि गेर्लाख यांच्या प्रयोगाकडे वळावे लागते. १९२२ साली फ्रँकफर्ट येथे त्यांनी भट्टीत चांदी तापवून तिच्या अणूंचा एक बारीक झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला आणि काचेच्या पट्टीवर पडू दिला. अणू म्हणजे इवलेसे चुंबक. भट्टीतून निघताना त्यांची तोंडे हव्या त्या दिशांना असणार. काही पूर्ण वर, काही पूर्ण खाली, बरेचसे तिरपे. तेव्हा काचेवर एक सलग पट्टा उमटावा. प्रत्यक्षात झोत दोन भागांत फुटला. मध्ये काही नाही.

येथे आपल्या पुस्तकांतील एक ऐतिहासिक चूकही दुरुस्त करून घेऊ. ‘या प्रयोगाने स्पिनचा शोध लागला’ असे वाक्य अनेक ठिकाणी आढळते. पण प्रयोग १९२२चा आणि स्पिनची कल्पना १९२५ची. स्टर्न आणि गेर्लाख यांना वाटले की कक्षेत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनविषयीचे जुने भाकीत खरे ठरले. चांदीच्या अणूतील बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा कक्षीय कोनीय संवेग शून्य असतो, तेव्हा हे दोन भाग त्यामुळे पडलेले नाहीत, हे मागाहून उमगले. प्रयोग बरोबर, अर्थ चुकीचा, आणि खरा अर्थ पाच वर्षांनी, हा क्रम विद्यार्थ्यांना सांगितला तर विज्ञान कसे चालते हेही त्यांना कळेल. आपण तो गाळून सरळ रेषेतली गोष्ट सांगतो.

दोन ही संख्याच बोलकी आहे. कक्षीय कोनीय संवेगाची पुंजसंख्या ०, १, २ अशी पूर्णांक असते आणि तिच्या दुपटीत एक मिळवला की किती भाग पडतील ते कळते: १, ३, ५. सगळ्या विषम संख्या. दोन भाग पडायचे तर पुंजसंख्या अर्धा असली पाहिजे. कक्षेतल्या फिरण्यातून अर्धा कधीच मिळत नाही. ‘स्पिन अर्धा’ या शब्दांचा उगम हा असा आहे.

आता चित्रातल्या बाणाकडे पाहू. पुस्तकात वर तोंड केलेला बाण आणि खाली तोंड केलेला बाण असे दोन इलेक्ट्रॉन दाखवतात. विद्यार्थी समजतो की बाण आधीपासून तसाच होता, चुंबकाने तो फक्त दाखवून दिला. समजा, एका उभ्या चुंबकातून निघालेले फक्त ‘वर’चे १००० अणू आपण घेतले. ते दुसऱ्या उभ्या चुंबकातून सोडले तर सगळे ‘वर’च जातात. येथवर ठीक. आता दुसरा चुंबक आडवा ठेवला. निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे गेले. त्यांतले उजवीकडचे घेऊन पुन्हा उभ्या चुंबकातून सोडले. हे सगळे मुळात ‘वर’चे होते. पण आता त्यांतले निम्मे वर जातात आणि निम्मे खाली! आडव्या दिशेचा प्रश्न विचारल्याबरोबर उभ्या दिशेचे उत्तर पुसले गेले. भोवऱ्याचा आस एका वेळी एकाच दिशेला असतो आणि आपण पाहो न पाहो, तो तिथेच असतो. स्पिनला असा ठरलेला आस नाही. आमच्या मते भोवऱ्याच्या चित्राची खरी चूक ही आहे. वेगाचा हिशेब एखाद्याने कसाबसा जुळवला, तरी ही चूक जुळवता येणार नाही.

‘नुसते नाव’ म्हणजे पळवाट

मग दुसरे उत्तर बरोबर का? स्पिन म्हणजे एक लेबल, एक पुंजसंख्या, तिचा फिरण्याशी काही संबंध नाही, असे आजकाल बरेच लोक आत्मविश्वासाने सांगतात. उच्च शिक्षण घेतलेल्यांत हे उत्तर अधिक आढळते. आम्हीही त्यांतलेच. पहिले उत्तर भोळे आहे. हे दुसरे शहाणपणाचे वाटते, म्हणून अधिक धोक्याचे.

त्याला उत्तर एका लोखंडी कांबीने दिले आहे. १९१५ साली आइन्स्टाइन आणि डी हास यांनी बर्लिनमध्ये लोखंडाची एक कांब बारीक तारेने टांगली आणि तिच्याभोवती तारेचे वेटोळे ठेवले. वेटोळ्यातील प्रवाह उलटसुलट केला की कांबीचे चुंबकत्व उलटे होते. तसे होताना टांगलेली कांब स्वतःभोवती वळते! बाहेरून कोणी तिला पीळ दिलेला नसतो. एकूण कोनीय संवेग कायम राहतो, म्हणून आतल्या इलेक्ट्रॉनांचा कोनीय संवेग उलटा झाला की सगळ्या कांबीला विरुद्ध दिशेने वळावे लागते.

त्या वेळी स्पिन कोणाला माहीत नव्हता. चुंबकत्व कक्षेत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे येते असे समजून त्यांनी मापन केले आणि अपेक्षेप्रमाणेच उत्तर मिळाल्याचे जाहीर केले. पुढे इतरांनी काळजीपूर्वक मोजले तेव्हा कोनीय संवेगाच्या तुलनेत चुंबकत्व जवळजवळ दुप्पट भरले. हा दुपटीचा आकडा इलेक्ट्रॉनच्या स्पिनची खूण आहे. लोखंडाचे चुंबकत्व मुख्यतः स्पिनमधून येते. आइन्स्टाइनसुद्धा अपेक्षित उत्तर मिळताच थांबला, ही गोष्ट प्रयोगवहीत ‘हवे ते’ वाचन लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावी.

प्रकाशाच्या बाबतीतही हेच आहे. फोटॉनलाही स्पिन असतो. त्याचा पुरावा म्हणून रामन आणि भगवंतम यांनी १९३१ मध्ये वायूंमधून विखुरलेल्या प्रकाशावरचे आपले प्रयोग मांडले. १९३६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड बेथ यांनी वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश टांगलेल्या स्फटिकाच्या चकतीतून सोडला आणि प्रकाशामुळे चकतीला बसणारा पीळ मोजला. नुसत्या नावाने चकतीला पीळ बसत नाही.

तेव्हा त्या बाईंचे म्हणणे बरोबर होते. स्पिन हा खरा कोनीय संवेग आहे. तो किलोग्रॅम, मीटर, सेकंद या एककांत मोजता येतो, दुसऱ्या वस्तूला देता येतो आणि कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमात त्याला बरोबरीचे स्थान आहे. तो हिशेबात धरला नाही तर नियमच मोडेल.

मग आहे तरी काय?

दोन्ही उत्तरे एकत्र वाचली तर म्हणावे लागते: इलेक्ट्रॉनजवळ कोनीय संवेग आहे, पण तो कोणत्याही भागाच्या फिरण्यातून आलेला नाही. वस्तुमान आणि विद्युतभार यांच्यासारखाच तो त्याचा अंगभूत गुण आहे. ‘विद्युतभार कशाचा बनलेला असतो?’ असे आपण विचारत नाही. भार असलेला कण कसा वागतो ते सांगतो. स्पिनबाबतही तेच करावे लागते.

फिरण्याशी त्याचे नाते मात्र तुटत नाही. फक्त प्रश्न बदलावा लागतो. ‘इलेक्ट्रॉन कसा फिरतो’ असे न विचारता ‘इलेक्ट्रॉनला आपण फिरवले तर काय होते’ असे विचारावे. पुस्तक ३६० अंशांतून फिरवले की ते पूर्ववत होते. इलेक्ट्रॉनची अवस्था दर्शवणारी गणिती राशी तेवढ्याने पूर्ववत होत नाही, तिचे चिन्ह उलटते. पूर्ववत व्हायला ७२० अंश लागतात. १९७५ साली दोन गटांनी हे न्यूट्रॉनवर पडताळून पाहिले, कारण न्यूट्रॉनचाही स्पिन अर्धाच असतो. झोताचे दोन भाग करून एका भागातला स्पिन चुंबकीय क्षेत्राने फिरवला आणि दोन्ही भाग पुन्हा एकत्र आणले. आकृतिबंध ३६० अंशांनंतर नव्हे, तर ७२० अंशांनंतर पहिल्यासारखा आला.

याची थोडी कल्पना वर्गात देता येते. तळहातावर पाण्याची वाटी ठेवा. पाणी न सांडता हात काखेखालून आत वळवत वाटी एक पूर्ण फेरा फिरवा. वाटी जागेवर आली, पण हाताला पीळ पडला. आता त्याच दिशेने, हात डोक्यावरून नेत, आणखी एक फेरा द्या. पीळ सुटतो! खांद्याला जोडलेल्या वाटीला पूर्ववत व्हायला दोन फेरे लागले. मात्र हे दाखवल्यावर लगेच सांगावे की इलेक्ट्रॉनला हात नसतो. उदाहरण फक्त फेऱ्यांच्या भूमितीचे आहे. नाहीतर भोवऱ्याच्या जागी वाटीचे चित्र बसेल आणि आपण होतो तिथेच राहू.

न्यायाने एक गोष्ट नोंदवायला हवी. काही भौतिकशास्त्रज्ञ म्हणतात की इलेक्ट्रॉनला कण न मानता डिरॅक यांच्या समीकरणातील तरंग मानले, तर त्या तरंगातील ऊर्जेच्या वर्तुळाकार प्रवाहातून स्पिनचा उलगडा होतो. हा विचार गांभीर्याने मांडलेला आहे. पण तिथेही फिरणारा चेंडू नाहीच.

वर्गात काय सांगावे?

कोणी विचारेल, अकरावीच्या मुलाला एवढे सगळे कशाला? भोवऱ्याचे चित्र काढून पुढे गेले तर काय बिघडते? बिघडते ते असे. जो मुलगा चित्र पाठ करतो त्याचे काही अडत नाही. जो त्यावर विचार करतो, गणित मांडतो, तोच अडतो. आणि मग त्याला आपण म्हणतो, हे परीक्षेला नाही. प्रश्न विचारण्याची शिक्षा प्रश्न विचारणाऱ्यालाच होते.

आमच्या काही सूचना अशा आहेत.

पहिली शब्दाबद्दल. मराठी विज्ञानलेखनात स्पिनसाठी ‘परिवलन’ हा शब्द बराच रूढ आहे. पण भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यालाही आपण परिवलनच म्हणतो. म्हणजे चित्र काढण्याआधी शब्दानेच चेंडू फिरवायला घेतला! इंग्रजी शब्दही तेवढाच दोषी आहे, पण मराठी मुलाच्या कानाला तो निदान भूगोलाची आठवण करून देत नाही. म्हणून शालेय पातळीवर ‘स्पिन’ हाच शब्द ठेवावा, असे आम्हाला वाटते.

दुसरी चित्राबद्दल. ते काढायचेच तर ‘१९२५ साली असे वाटले होते’ असे म्हणून काढावे आणि लगेच वेगाचा हिशेब करून ते कुठे मोडते हे दाखवावे. एमआरआय यंत्रातील प्रोटॉनांची सरासरी वागणूक समजावताना डुलणारा भोवरा खरोखर उपयोगी पडतो, कारण असंख्य स्पिनांची सरासरी चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्याच्याच समीकरणाप्रमाणे डुलते. १.५ टेस्लाच्या यंत्रात सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा. पण ही सरासरी आहे, एकेका प्रोटॉनचे चित्र नव्हे.

तिसरी रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी. ‘एका कक्षकातील दोन इलेक्ट्रॉन उलट दिशांनी फिरतात, म्हणून त्यांच्यात चुंबकीय आकर्षण होऊन ते एकत्र राहतात’ हे वाक्य कृपया काढून टाकावे. अणूच्या आत त्यांच्यातील विद्युत प्रतिकर्षण त्या चुंबकीय परिणामाच्या लाखाहून अधिक पट असते. उलट बाण काढायचे कारण पाउलीचा नियम हे आहे, आकर्षण नव्हे.

चौथी उदाहरणांबद्दल. स्पिन मुलांपासून फार दूर नाही. हायड्रोजन अणूतील प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे स्पिन समांतर असताना ऊर्जा किंचित अधिक असते. ते उलटसुलट झाले की २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर बाहेर पडते. नारायणगावजवळ खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणींचा समूह ही लहर टिपू शकतो. सहलीला तिथे गेलेल्या मुलांना सांगता येईल की या थाळ्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनचे स्पिन उलटताना ‘ऐकतात’.

त्या बाईंना आम्ही घरी आल्यावर पत्र लिहिले. त्यात पहिल्याच ओळीत कबूल केले की आमची दोन्ही उत्तरे चुकली होती आणि त्या मुलाचा हिशेब बरोबर होता. पुढे वरचाच मजकूर थोडक्यात होता. त्यांचे उत्तर आले. मुलाला पत्र वाचून दाखवल्याचे त्यांनी लिहिले होते. मुलाने लगेच पुढचा प्रश्न विचारला होता: कांब वळते, तर ती किती वळते? तो हिशेबही करता येतो. आम्ही त्याला लिहिले की कांबीचे वस्तुमान आणि व्यास घेऊन आधी तूच करून पाहा.